सव्वा पायली: धाकट्याच्या पहिल्या फिल्मच्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

फिल्मचं कामचलाऊ नाव ‘सव्वा पायली’. मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाचं काम, नावांच्या पाटीसह ८ मिनिटांच्या आत, जमा करायची तारीख २४ फेब्रुवारी. जागा कराडजवळचं गाव. दिग्दर्शन धाकट्याचं. माझ्याकडे आवाज, वेळापत्रक आणि डेटा. सेटवर नटांना सूचना एकटा धाकटाच देणार. दोघांनी दिल्या की नट दोघांचंही ऐकत नाहीत. मला काही खटकलं तर टेक संपल्यावर त्याच्या कानात.

गोष्ट साधी: गिरणीत डबे बदलतात, शेजारणीचं पीठ घरी येतं, आजी चिमटीत धरूनच सांगते की हे आपलं नाही. संहिता १२ पानं. ‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा ठोकताळा ठरावीक मांडणीत टाइप केलेल्या संहितेचा आहे, हाताने लिहिलेल्या मराठी पानांना तो लागू पडत नाही. म्हणून मोबाइलवर वेळ लावून मोठ्याने वाचलं; चालणं, डबा उचलणं, पीठ चाळणं हे सगळं प्रत्यक्ष करत. ११ मिनिटं २० सेकंद झाली.

काय गेलं: गजर वाजून मुलगी उठते, दात घासते, आरशात बघते. पहिल्यावहिल्या फिल्मांपैकी निम्म्या गजरानेच उघडतात. आता पहिलं चित्र थेट गिरणीच्या दारातल्या डब्यांच्या रांगेचं. दुसऱ्या वाचनात ७ मिनिटं ५० सेकंद. पाटीला ३० सेकंद धरले तर अजून २० सेकंद जादा आहेत, ते संकलनात काढू.

मुलीचं पात्र १२ वर्षांचं लिहिलं होतं. १४ वर्षांखालच्या मुलांना पडद्यावरच्या कामाला घेण्याबद्दलच्या २०१७ च्या नियमांत दिवसाला पाच तासांची आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांची मर्यादा आहे. आमचं काम व्यावसायिक नाही, पण मापाचा विचार तोच. आठ तासांचा दिवस लहान मुलीकडून होणार नाही. पात्र १९ चं केलं, वर्गातलीच मुलगी घेतली.

५ जानेवारी, रविवार. रेकी (जागेची पाहणी)

गिरणी पूर्वाभिमुख. ऊन दारातून साडेनऊपर्यंत आत येतं, थेट पिठाच्या तोंडावर पडतं. धाकट्याला तेच हवंय. म्हणजे आतली मोठी चित्रं सकाळी पहिल्यांदा.

दोन दगडांच्या जोड्या: एक गव्हाची, एक ज्वारी-बाजरीची. मोटर थ्री फेज, पाटीवर १४४० फेरे. आत दोन ट्यूबा, जुन्या चोकच्या. भिंतींना चुना, म्हणजे चित्र उजळ येईल आणि आवाज घुमेल. पत्र्याचं छप्पर दुपारी तडतडतं.

गिरणीवाल्या काकांशी बोलून ठरलं: सोमवारी गिरणी बंद असते, तो दिवस आपला. १३ तारखेला भोगी, आदल्या आठवड्यात बाजरीच्या दळणाची रीघ असते, म्हणून संक्रांत जाऊ द्यायची. २० जानेवारी पक्की. मोटर चालू-बंद काकाच करतील, दुसरं कुणी खटक्याला हात लावणार नाही. बुडालेला वेळ आणि वीज मिळून १,५०० रुपये द्यायचे, आधी. ओळखीच्या माणसाकडे शूटिंग असलं की पैशाचा विषय शेवटपर्यंत टाळला जातो आणि दुपारी तीनला तोच आडवा येतो.

दोन गोष्टी लाल शाईने. पट्ट्याजवळ मोकळे केस, ओढणी, लोंबती वायर काही नको. मुलीची ओढणी पिनेने बांधायची. आणि उघडी ज्योत नको, बिडी-काडीपेटी बाहेर. हवेत तरंगणारं पीठ दाट झालं तर पेट घेतं.

रस्त्याची जागा कडुलिंबाखाली. दहा मिनिटं उभं राहून मोजलं: उसाचे चार ट्रॅक्टर गेले, त्यांतल्या तिघांवर कर्णे. कारखान्यांचा हंगाम चालू आहे. हा प्रश्न २५ तारखेला, रस्त्यावरच्या शूटिंगच्या दिवशी, येणारच.

११ जानेवारी, शनिवार. कॅमेऱ्याच्या चाचण्या

फोनवरच शूट. हाताने सगळं लावता येईल असं ब्लॅकमॅजिकचं मोफत कॅमेरा ॲप घेतलं.

पहिली चाचणी फोनच्या नेहमीच्या मांडणीवर, सेकंदाला ३० फ्रेम, शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ) १/६० सेकंद. चुन्याच्या भिंतीवर काळसर आडवे पट्टे वर सरकताना दिसले. कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. १/६० सेकंदात अशी पावणेदोनच्या आसपास आवर्तनं बसतात. फोन चित्र ओळीओळीने टिपतो, म्हणून प्रत्येक ओळीला प्रकाशाचा वेगळा वाटा मिळतो. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की बरोब्बर दोन आवर्तनं बसतात, पट्टे गायब. १/१०० ला एक बसतं, तेही चालतं. स्वयंचलित शटर ठेवलं तर दारातला उजेड दिसताच फोन १/५०० वर उडी मारतो आणि पट्टे परत येतात. शटर कुलूपबंद.

फोनच्या भिंगाचं छिद्र बदलत नाही. त्यामुळे १/५० वर ठेवून बाहेर उन्हात चित्र पांढरं फट्ट. हिशेब: एफ १.८ (भिंगाचं छिद्र), आयएसओ ५० (उजेडाबाबतची संवेदनशीलता), भर ऊन, तर योग्य शटर साधारण १/४००० येतं. १/५० पर्यंत यायला ८० पट उजेड अडवायला हवा, म्हणजे एनडी ६४ (उजेड ६४ पट कमी करणारा काळसर फिल्टर). कडुलिंबाच्या सावलीत एनडी ८ पुरतो. फिरवून कमी-जास्त होणारा स्वस्त एनडी घेऊन बघितला. शेवटच्या टोकाला चित्रावर फुलीसारखी काळी सावली पडते. दोन साधे फिल्टर उसने मिळाले.

पिठाचं पांढरं लवकर फाटतं, मग त्यात कण दिसत नाहीत, नुसता कागद दिसतो. झेब्रा (फार उजळ भागावर रेघा दाखवणारी सोय) ९५ टक्क्यांवर लावून पिठावर रेघा उमटेनाशा होईपर्यंत उजेड खाली आणायचा. चेहरा थोडा काळवंडतो. त्यासाठी दाराच्या बाजूने थर्माकोलचा तक्ता. रंगाचं तापमान ५६०० वर पक्कं. मोकळं सोडलं तर कॅमेरा भिंतीवरून पिठाकडे वळताना मधेच निळा-पिवळा होतो.

मोटरच्या चाकावर खडूची खूण होती. चित्रात ती खूण उलटी, सावकाश फिरताना दिसली. धाकट्याला वाटलं फाइल बिघडली. १४४० फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला २४. आपण २५ फ्रेम घेतो. प्रत्येक फ्रेमला खूण पूर्ण फेऱ्याला जराशी कमी पडते, सेकंदाला एक फेरा मागे. धान्य ओतलं की मोटर किंचित दबते आणि उलटा वेगही बदलतो. खूण पुसून टाकणं हा सोपा उपाय होता. धाकट्याने ती ठेवली, शेवटच्या शॉटसाठी. ठीक.

१२ जानेवारी, रविवार. शॉटची यादी

यादीत ४६ शॉट. नवखी मंडळी, एका मांडणीला सरासरी २० मिनिटं धरायची: जागा, उजेड, माइक, दोन तालमी, तीन टेक. ४६ गुणिले २० म्हणजे १५ तास २० मिनिटं. हातात दोन दिवस, जेवण वजा करता १४ तास. बसत नाही.

यादी कापताना प्रत्येक शॉटपुढे एकच प्रश्न लिहिला: हा नसेल तर कोणती माहिती जाईल? बारा शॉट गेले. त्यांतले पाच नुसते चेहऱ्यांचे प्रतिक्रियेचे होते. ३४ उरले, ११ तास २० मिनिटं. उरलेला वेळ राखीव, तो लागणारच.

काका आणि मुलगी समोरासमोर बोलतात त्या प्रसंगात दोघांच्या मधून जाणारी रेषा जमिनीवर खडूने आखली. कॅमेरा तिच्या एकाच बाजूला, म्हणजे दोघं एकमेकांकडे बघताहेत असं दिसतं. ओलांडला की दोघं एकाच दिशेला बघताना दिसतात. गिरणीत दाराची बाजू घेतली, पलीकडे पट्टा आहे. नियम जागेनेच ठरवून दिला.

१८ जानेवारी, शनिवार. आवाजाची तालीम

गिरणी चालू असताना संवाद नोंदवता येत नाहीत. माइक ओठांशी नेला तरी मागे घरघर राहते, आणि ती कापताना शब्दांचे काठही जातात. म्हणून संवाद मोटर बंद ठेवून, गिरणीचा आवाज वेगळा घेऊन नंतर खाली घालायचा.

मोठी चूक इथेच होते. मोटर बंद, खोली शांत, मग नट घरातल्यासारखं बोलतात. नंतर खाली गिरणी घातली की वाटतं एवढ्या गोंगाटात ही माणसं कुजबुजताहेत कशी? आवाजाची पातळी वाढवून हे सुधारत नाही, कारण ओरडताना घसा ताणतो, वाक्यं तुटक होतात, माणूस पुढे झुकतो, हात हलवतो. ते अभिनयातच यावं लागतं.

केलेला उपाय: मोटर चालू, दोघांनी दोनदा संवाद म्हणायचे, एकमेकांना ऐकू जातील इतके. मग मोटर बंद, दगड थांबले की लगेच टेक. पहिल्या टेकला अंगात तो आवाज असतो, तिसऱ्यापर्यंत उतरतो. म्हणजे दर दोन टेकनंतर मोटर परत. वेळ जातो, राखीव वेळेतला तासभर इथे लिहून टाकला.

कॉलर माइक रेकॉर्डरला लावला तर नुसती गुणगुण. फोनसाठीच्या माइकच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, रेकॉर्डरच्या खाचेला दोन रेघांची पिन लागते; जोडणी जुळत नाही आणि माइकचा आवाज पोचतच नाही. साठ-सत्तर रुपयांना जोड (ॲडॉप्टर) मिळाला. दोन घेतले, कारण एक हरवतो.

रेकॉर्डर: वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सगळ्यात मोठा शब्द उणे १२ डीबीच्या वर जाऊ द्यायचा नाही. स्वयंचलित पातळी बंद. ती चालू राहिली तर संवादांमधल्या शांततेत मागची खरखर फुगून वर येते. कॉलर माइक मुलीच्या ओढणीच्या आत नको, कापड घासतं. कुर्त्याच्या पट्टीवर, वायरीला एक सैल गाठ देऊन टेपने चिकटवायचा, म्हणजे ओढ गाठीवर येते.

१९ जानेवारी, रविवार. पिशवी

फोन, त्याचा क्लॅम्प, ट्रायपॉड, पॉवर बँक २, रेकॉर्डर, ट्रिपल ए बॅटऱ्या ८, हेडफोन, पूर्ण कान झाकणारा, कॉलर माइक, जोड २, थर्माकोलचे तक्ते ३, काळं कापड ४ मीटर, बटर पेपर, कापडी टेप, खडू, सेफ्टी पिना, धूळ उडवायचा रबरी फुगा, जुन्या गाद्यांची दोन वेष्टणं. पीठ भिंगावर बसलं तर फुग्याने उडवायचं. ओल्या फडक्याने पुसलं की कणीक होते.

फोनवर १०८०, सेकंदाला ४० मेगाबिट. मिनिटाला ३०० एमबी, तासाला १८ जीबी. फोनमध्ये ६० जीबी मोकळे केले. विमान मोड. ऐन टेकमध्ये फोन आला तर रेकॉर्डिंग तुटतं.

२० जानेवारी, सोमवार. पहिला दिवस, गिरणी

साडेसहाला सगळे हजर. चहा आधी, मग सामान. पहिला शॉट ७:४० ला, दारातलं ऊन.

९:३० पर्यंत सहा शॉट झाले. पिठाचे कण उन्हात तरंगताना दिसण्यासाठी मागे काळोख लागतो; चुन्याच्या भिंतीसमोर ते दिसतच नव्हते. मागच्या भिंतीवर चौकटीबाहेर जाईल इतकं काळं कापड लावलं आणि कण उठून आले. धाकट्याला पिठाचा ढग हवा होता, मूठभर उधळून. नको म्हणून सांगितलं. मोटरच्या कोंदट बाजूला हवेत पीठ उडवायचं नाही. पिठाच्या तोंडाला बांधलेली कापडी बाही झटकली तेवढंच.

दहा ते एक संवाद. खोली घुमते म्हणून गाद्यांची वेष्टणं कॅमेऱ्याच्या मागे दोरीवर टांगली. समांतर उघड्या भिंती राहिल्या तर टाळीनंतर ‘टर्र’ असं ऐकू येतं. वेष्टणं लावल्यावर ते गेलं.

तिसऱ्या शॉटच्या दुसऱ्या टेकला क्लॅप (चित्र आणि आवाज जुळवायला पाटीची टाळी) विसरला. अशा वेळी टेक थांबवायचा नाही. शेवटी क्लॅप द्यायचा, पाटी उलटी धरून, म्हणजे संकलनात कळतं की ही खूण शेवटची.

१:२० ला वीज गेली, २:०५ ला आली. संवादांना मोटर लागत नाही, पण ट्यूबा गेल्याने उजेड बदलला. या ४५ मिनिटांत चित्र नको असलेलं सगळं उरकलं: प्रत्येक कोपऱ्यातली एक मिनिटाची शांतता, धान्य पत्र्यावर ओतण्याचा आवाज, झाकण, काट्याची साखळी, डबा फरशीवर ठेवणं. मोटर बंद असताना गावातल्या गिरणीत इतकी शांतता परत मिळाली नसती.

मुलीच्या हातावरचं पीठ: शॉट ११ मध्ये कोपरापर्यंत, शॉट १२ मध्ये बोटांवरच. मधे जेवण झालं होतं, हात धुतले. शॉट १२ परत घेतला. यापुढे जेवायच्या आधी हातांचा, केसांचा, डब्याच्या झाकणाचा फोटो.

शेवटी गिरणीचे आवाज, रेकॉर्डर चार ठिकाणी: दारात, दगडाजवळ, मोटरपासून दोन मीटरवर, रस्त्यावरून. प्रत्येकी तीन मिनिटं. धान्य नसताना, ओतताना, पूर्ण भरल्यावर. आणि खटका पाडून दगड पूर्ण थांबेपर्यंत, पाच वेळा. खटका पडताच मोटरची १०० हर्ट्झची घुमी त्याच क्षणी तुटते, कारण ती विजेची असते. उरतो पट्टा आणि दगड, सूर उतरत उतरत जाणारा. हेडफोनवर ऐकून धाकट्याने संहितेचं शेवटचं पान काढलं आणि खिशात ठेवलं.

१९ शॉट ठरले होते, १७ झाले.

२१ जानेवारी, मंगळवार. डेटा

फोन आणि रेकॉर्डरमधलं सगळं दोन वेगळ्या डिस्कवर. फाइलींची संख्या आणि आकार जुळवले, प्रत्येक डिस्कवरून पाच फाइली उघडून शेवटपर्यंत बघितल्या. त्यानंतरच फोन रिकामा. एक डिस्क घरी, एक मावशीकडे. फाइलींची नावं ‘शॉट क्रमांक–टेक’ अशी आजच बदलली. आठवड्याने कोणती कोणती ते आठवत नाही. रेकॉर्डरच्या फाइलींनाही तीच नावं.

२५ जानेवारी, शनिवार. दुसरा दिवस, घर आणि रस्ता

२६ ला सकाळपासून शाळेचे कर्णे, म्हणून आज.

स्वयंपाकघर दुपारपर्यंत. फ्रिज बंद करायचा आणि तो परत चालू करायचं लक्षात राहावं म्हणून दुचाकीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. पंखा बंद, दाराबाहेरचं घड्याळ उतरवलं. खिडकीवर बटर पेपर, समोर थर्माकोल, मागे काळं कापड. आजीच्या चिमटीतल्या पिठाचा शॉट भिंगापासून १० सेंटिमीटरवर. इतक्या जवळ फोन आपोआप दुसऱ्या, रुंद भिंगावर जातो आणि रंग बदलतो. भिंग कुलूपबंद करून फोन ४० सेंटिमीटर मागे नेला, चौकट मोठी राहिली. आजींनी (वर्गमित्राची आजी) दिग्दर्शकालाच सांगितलं की ज्वारीचं पीठ असं चोळून बघत नाहीत, अंगठ्याने पुढे ढकलतात. शॉट तसाच घेतला.

ओवी त्यांच्याच आवाजात, गोधडीखाली रेकॉर्डर ठेवून. परंपरेतल्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही, पण गाणाऱ्याचा गाण्यावर असतो. म्हणून साध्या कागदावर संमती, तारीख, सही. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या कामातून जमलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाच्या वर आहेत. ऐकून शिकायला उत्तम. ते ध्वनिमुद्रण उचलून फिल्ममध्ये मात्र टाकायचं नाही, परवानगी लागते.

रस्ता चार ते सव्वासहा. ट्रॅक्टर यायचेच. इथे अडचण नुसत्या आवाजाची नव्हती: कर्ण्यावरचं गाणं संवादाखाली आलं की कापाकापी करताना गाणं उड्या मारतं, शिवाय गाण्याचे हक्क दुसऱ्याचे. वळणावर एक मुलगा उभा केला, ट्रॅक्टर दिसला की हात वर. दोन ट्रॅक्टरांमध्ये सरासरी अडीच मिनिटं. लांब संवाद तीन तुकड्यांत घेतला. तरी मुलीची दोन वाक्यं गेली; ती लगेच, तिथेच झाडाखाली, कॅमेऱ्याशिवाय तीन-तीनदा बोलून घेतली. घरी करायच्या डबिंगपेक्षा ही बरी जुळतात, श्वास आणि मोकळी हवा तीच असते.

सहानंतर उजेड दर दहा मिनिटांना पडत होता. शेवटच्या दोन शॉटना आयएसओ ५० वरून ४०० वर गेलो.

३४ पैकी ३२ शॉट. राहिलेले दोन गिरणीतले होते, ते सोडले.

खर्च: जेवण-चहा १,८००, गिरणी १,५००, प्रवास ६००, थर्माकोल-कागद-टेप ४२०, बॅटऱ्या १६०. एकूण ४,४८०. कॅमेऱ्यावर शून्य, पोटावर सगळ्यात जास्त. हे बरोबरच आहे.

१ फेब्रुवारी, शनिवार. जुळवणी

संकलन दा विंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत. प्रकल्प उघडताच आधी २५ फ्रेम. क्लिपा टाकल्यावर हा आकडा बदलता येत नाही.

क्लॅपवर जुळवल्या. ९ फाइलींमध्ये सुरुवात जुळते, शेवटी ओठ मागे राहतात. या नऊही एका दुपारच्या, फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यावर घेतलेल्या. ॲप चुकून बंद झालं होतं. तो कॅमेरा फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाही, कधी २४.८, कधी २५.१. हँडब्रेक या फाइली बदलणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘स्थिर वेग, २५’ लावून नऊ फाइली नव्याने काढल्या, मग जुळल्या.

जुळवल्यावर फोनचा आवाज पूर्ण बंद करायचा. धाकट्याने दोन्ही चालू ठेवले होते, ‘भरीव’ वाटतं म्हणून. दोन माइकना एकच शब्द वेगवेगळ्या वेळी पोचतो, एकत्र केले की काही सूर एकमेकांना मारतात. माणूस पिंपात तोंड घालून बोलतोय असं ऐकू येतं.

८ आणि ९ फेब्रुवारी

पहिली जोडणी ९ मिनिटं ४० सेकंद. ८ पर्यंत यायला शॉट काढायचे नव्हते, शॉटांची डोकी आणि शेपट्या होत्या. दार उघडून माणूस आत येतो, चालतो, थांबतो, मग बोलतो. माणूस थांबलेलाच दाखवला तरी चालतं. ७० सेकंद एवढ्यानेच गेले.

मुलीचा रस्त्यावर चालण्याचा शॉट १८ सेकंदांचा, सुंदर, काहीच सांगत नाही. मी काढायला सुचवला. “ताई, तो राहू दे, तिथे ती ठरवतेय.” ११ सेकंदांवर ठेवला. पुढच्या दिवशी बघितलं, त्याचं बरोबर होतं.

चित्र कुलूपबंद: ७ मिनिटं २४ सेकंद, पाटीशिवाय.

१५ आणि १६ फेब्रुवारी. आवाज

संवादाची एक मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज) पट्टी केली. कॉलर माइकचा आवाज फक्त डाव्या बाजूला नोंदला गेला होता, जोडामुळे. तसाच ठेवला असता तर सगळी फिल्म डाव्या कोपऱ्यातून बोलली असती.

प्रत्येक कापाच्या खाली त्या जागेची शांतता अंथरली. ती नसेल तर प्रत्येक शॉटला हवा बदलल्यासारखी वाटते आणि काप दिसायला लागतो.

गिरणी संवादाखाली १४-१५ डीबी खाली. तरी शब्द बुडत होते. सगळीच गिरणी कमी केली की गिरणी राहत नाही. १ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा, जिथे व्यंजनं असतात, तेवढाच गिरणीच्या आवाजातून ५ डीबी खाली घेतला. शब्द वर आले, घुमी तशीच.

ओवी गिरणीवर घातली तर आजी बेसूर वाटायला लागल्या. बेसूर कुणीच नव्हतं. मोटरची घुमी १०० आणि २०० हर्ट्झची, म्हणजे पेटीवरच्या पांढरी पाचच्या जवळ, जराशी चढी. आजींचा षड्ज काळी चारच्या आसपास. दोन्हींत अर्ध्या स्वरापेक्षा थोडं कमी अंतर, सगळ्यात बोचरं. ओवीचा सूर उतरवून बघितला, आवाज वयाने बदलला. धाकट्याने खिशातलं पान काढलं: खटका पडतो, घुमी तुटते, दगड उतरत जातो, तो थांबायच्या बेतात असताना ओवी सुरू. खूण उलटी फिरता फिरता आधी वेग घेते, मग कधीतरी सरळ फिरताना दिसायला लागते आणि मंदावते, तोच शेवटचा शॉट. संगीताची वेगळी गरज उरली नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार. अक्षरं

पाटीत ‘गिरणी’ची पहिली वेलांटी गकाराच्या उजवीकडे गेली, ‘सव्वा’चं जोडाक्षर पाय मोडून दोन तुकडे. संकलनातल्या अक्षरांच्या खिडकीवर भरवसा नको. पाट्या इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मुक्त टंकात, पारदर्शक पार्श्वभूमीच्या चित्रफाइली करून घातल्या. नावांची पाटी २४ सेकंद. संमती देणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्यांनी स्वतः लिहिलंय तसंच.

२२ फेब्रुवारी, शनिवार. सभागृहात चाचणी

प्रोजेक्टरच्या ध्वनिक्षेपकाला संगणकाची एकच पिन जोडलेली, फक्त डावी बाजू ऐकू येते. संवाद मोनो असल्याने वाचले. गिरणीचा दारातला आवाज उजवीकडे सरकवला होता, तो गायब. अशा ठिकाणी दुरुस्तीचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. गिरणीचे सगळे आवाज मध्याकडे आणले आणि सगळी फिल्म मोनो करून एकदा ऐकली.

पडदा फिकट. काळोखातले कण दिसत नव्हते. घरच्या स्क्रीनवर बरोबर असलेलं चित्र तिथे धुरकट होतं, म्हणून सभागृहासाठीच्या प्रतीत मधले रंग थोडे उजळ, काळा होता तिथेच.

२३ फेब्रुवारी, रविवार

जमा करायची प्रत: एच २६४ (चित्र दाबून साठवायची पद्धत), १०८०, २५ फ्रेम, आवाज ४८ किलोहर्ट्झ. लांबी ७ मिनिटं ४८ सेकंद. शेवटचं दृश्य निर्यात झालेल्या फाइलमध्ये उघडून बघितलं, संकलनाच्या खिडकीत नाही. पहिल्या निर्यातीत शेवटची दोन सेकंदं कापली होती, शेवटची खूण आधी पडली होती.

दोन डिस्क, एक पेनड्राइव्ह, एक नेटवर. मूळ फाइली निदान एक वर्ष पुसायच्या नाहीत.

काकांसाठी वेगळी प्रत. गिरणीतला टीव्ही जुना, एच २६५ वाजवत नाही आणि पेनड्राइव्ह फॅट ३२ या मांडणीचा असेल तरच ओळखतो. त्यात एक फाइल ४ जीबीच्या आत लागते. सेकंदाला १२ मेगाबिटने ही सुमारे ७०० एमबी झाली. नाव रोमनमध्ये ठेवलं, देवनागरी नाव त्या टीव्हीवर चौकोन दाखवतं. उद्या सोमवार, गिरणी बंद. मंगळवारी दळणाबरोबर द्यायची.